पडद्यावरचं पाणी

रेल्वे कॉलनी, दौंड
१८ जानेवारी १९७६

चि. ललितास,

दादाचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि. आम्ही इकडे सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवावी, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं तर मी तुझ्यावर चांगलाच रागावलो आहे. घरात एवढी मोठी गोष्ट घडली आणि तू मला एका ओळीनं कळवू नयेस? मला ती कळली कुठं, तर टॉकीजमध्ये, शेंगा खाताना.

पण आपला नेम मोडत नाही. जो सिनेमा पाहील त्यानं दुसऱ्याला गोष्ट लिहून कळवायची, तेव्हा आधी सिनेमा. गेल्या रविवारी हौसरावांनी मला ओढूनच नेलं. हौसराव म्हणजे आमच्या शेडमधले वरवंडचे फिटर, रेल्वेच्या संपात माझ्याबरोबर घरी बसले आणि माझ्याबरोबरच परत कामावर लागले ते. सिनेमा राजकारणाचा होता. एक जमीनदार निवडणुकीला उभा राहतो. त्याच्या रानात राबणारा आपल्यातला एक गडी भर सभेत उठून प्रश्न विचारतो, आणि त्याच रात्री त्याचं खोपट पेटवतात. मग जमीनदाराचा कॉलेजात शिकलेला मुलगा त्याला आगीतून दोन्ही हातांवर उचलून आणतो. गडी मरतो, मुलगा बापाविरुद्ध उभा राहून निवडून येतो. मुलाचं भाषण सुरू झालं तेव्हा सगळी टॉकीज शिट्ट्यांनी दणाणली. हौसराव रडले. मीही थोडासा, पण ते घरी सांगितलेलं नाही.

मध्येच एका ठिकाणी मंत्री काहीतरी बोलणार तोच चित्र उडी मारून पुढं गेलं. लोकांनी ऑपरेटरच्या नावानं बोंब ठोकली. हौसराव माझ्या कानात म्हणाले की त्या बिचाऱ्याला कशाला शिव्या देता, कात्री सध्या दुसरीकडं चालते. ते असो. पत्रात जास्त लिहीत नाही.

आता मुद्द्याचं. मुख्य सिनेमाच्या आधी सरकारी माहितीपट दाखवतात हे तुला माहीत आहेच. त्या वेळी निम्मी टॉकीज बिडी ओढायला बाहेर असते. मीही उठतच होतो, तेवढ्यात आपल्या आसनवाडीचं नाव ऐकलं. वळून बघतो तर पडद्यावर आपली गावविहीर, आणि विहिरीच्या वरच्या कठड्यावर, अगदी रहाटापाशी, आपली आई! हातात लखलखीत पितळी घागर. शेजारी पाटलांच्या, माळ्यांच्या बायका. बोलणारा सांगत होता की या गावात शिवाशिव आता नावालाही उरली नाही, इथली धुरपदाबाई सर्वांच्या बरोबरीनं मानानं पाणी भरते.

ललिता, मी बाकड्यावर उभा राहिलो. ही माझी आई आहे म्हणून ओरडलो. मागच्याला दिसेना म्हणून तो आधी खेकसला, मग हौसरावांनी त्याला समजावलं, आणि सगळ्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. विहिरीच्या त्या खालच्या पायरीवर मी लहानपणी घागर घेऊन किती वेळ उभा राहत असे ते तुला आठवणार नाही, तू फार लहान होतीस. वरून कुणाच्या मनात आलं तर पाणी वाढणार, नाही तर घागर रिकामीच घरी. मध्यंतरात मी सगळ्यांना चहा पाजला.

घरी येऊन पहिलं काम केलं ते सरपंच साहेबरावांना पत्र टाकण्याचं. आपल्या मोठ्या मनामुळं माझ्या आईला हा दिवस दिसला, आम्ही सर्व ऋणी आहोत, असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली. चांगल्याला चांगलं म्हणायला काय हरकत आहे?

तू का कळवलं नाहीस, याचा खुलासा उलट टपाली यावा. आईला जयभीम. तुझी वहिनी सिंधू तुझी आठवण काढते. राग खरा असला तरी लोभ त्याच्याहून मोठा आहे, हे जाणून असावे.

तुझा दादा,
बन्सी


आसनवाडी, ता. शिरूर
२७ जानेवारी १९७६

ती. दादास,

ललिताचा सविनय जयभीम. वि. वि. तुझं पत्र पोचलं. तू बाकड्यावर उभा राहिलास हे वाचून मी आधी हसले आणि मग मला इतका राग आला की चुलीवरची भाकरी करपली. खुलासा मागतोस ना? घे.

दिवाळी झाली आणि एक जीप आली. साहेबरावांनी आपल्या आळीत निरोप धाडला की सिनेमावाले आलेत, पाचसहा बायका स्वच्छ लुगडी नेसून विहिरीवर पाठवा. आईनं तू आणलेलं हिरवं लुगडं काढलं. आपली जर्मनची पातळ पत्र्याची घागर पोचे पडलेली, ती चित्रात वाईट दिसेल म्हणून साहेबरावांच्या घरच्या पितळी घागरी दिल्या. सिनेमावाला पुण्याकडचा होता, बोलायला गोड. मावशी हसा, मावशी इकडं बघू नका, असं म्हणत होता. ऊन सारखं ढगाआड जायचं, म्हणून आईनं तेच पाणी चारदा ओतलं आणि चारदा शेंदलं. पण तिला त्याचं काहीच वाटलं नाही. दादा, तिला ते खरं वाटलं होतं. माझ्या सासऱ्यानं या विहिरीचा दगड फोडला, आन् आज त्याची सून वरून पाणी शेंदती, असं ती त्या माणसाला तीनतीनदा सांगत होती. संध्याकाळी तिनं गूळ घालून भात केला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती आपली घागर घेऊन गेली. बाकीच्या बायका मागोमाग. साहेबराव तिथं उभेच होते. ते म्हणाले की कालचं काल झालं, शूटिंग संपलं, आता खाली उभ्या राहा. त्यांच्या आईनं, अनसाबाईनं, तोवर विहिरीवर गोमूत्र शिंपडलं होतं. पितळी घागरी चिंचेनं घासून, विस्तवावर धरून परत फळीवर गेल्या होत्या. आई पुन्हा खालच्या पायरीवर उभी राहिली. घरी आली ती दिवसभर जेवली नाही. मला म्हणाली की बन्सीला लिहू नको, तो लांब हाय, त्याचा जीव तुटंल. म्हणून लिहिलं नाही. झाला खुलासा?

आता तुझ्या पत्राचं काय झालं ते ऐक. साहेबरावांनी ते चावडीवर मोठ्यानं वाचायला लावलं. मोठ्या मनामुळं या शब्दावर माणसं पोट धरून हसली. एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. मी शिरूरच्या कचेरीत द्यायला अर्ज लिहून ठेवला होता. कायदा आपल्या बाजूचा आहे, फक्त तो शिरूरला राहतो, इकडं येत नाही, म्हणून म्हटलं आपणच जावं. तर आता ग्रामसेवक म्हणतात की कसला अर्ज, तुझ्या सख्ख्या भावानं, सरकारी नोकरानं, सहीनिशी आभार मानलेत. साहेबराव ते पत्र खिशात घालून हिंडतात. दुसऱ्याच्या घराला बाहेरून कडी लावावी तशी तू लावलीस, पण आत कोंडलेलं घर आपलंच आहे.

तुझ्या त्या राजकारणाच्या सिनेमाबद्दलही लिहिते, म्हणजे नेम मोडला असं व्हायला नको. मला सांग, आपला माणूस मध्यंतराच्या आत का मरतो? मी जेवढे असले सिनेमे पाहिले त्यात आपला माणूस एक प्रश्न विचारतो आणि मरतो, आणि पुढची सगळी भाषणं त्याला उचलणारा करतो. उचलण्यापेक्षा त्याला जिवंत ठेवा म्हणावं, तो स्वतःच बोलेल. मागच्या जत्रेत कवठे येमाईला तंबूत एक पाहिला, त्यात विहिरीवर एक मोठं गाणं होतं. पन्नास बायका घागरी घेऊन नाचतात आणि एकीच्याही घागरीत पाणी नाही. तुमच्या माहितीपटापेक्षा तो बरा. निदान आम्ही नाचतोय हे ते कबूल करतात.

आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. तू ओरडलास तो भाग तिनं पुन्हा वाचायला सांगितला. मग विचारलं की लोकांना माझं तोंड दिसलं का नुसती पाठ? मी काही तो पाहिलेला नाही, उत्तर तू दे.

आज पत्रात गोडी कमी आहे. माया नेहमीइतकीच आहे, ती तू ओळखून घ्यावीस.

तुझी,
ललिता


रेल्वे कॉलनी, दौंड
६ फेब्रुवारी १९७६

ती. आईस,

बन्सीचा सविनय जयभीम. वि. वि. हे पत्र ललितानं तुला वाचून दाखवावं, आणि मध्ये स्वतःची शेरेबाजी करू नये.

आई, मला माफ कर. तिचं पत्र वाचल्यावर तोंडात घास फिरेना. तू जिथं उपाशी बसलीस तिथं मी आभार मानत होतो. टॉकीजमधून सिनेमा जायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा गेलो, या वेळी एकटाच. आता सगळं दिसलं. घागरी कुणाच्या आहेत ते ओळखू आलं. माळ्याच्या बायका तुझ्यापासून हातभर अंतर ठेवून उभ्या आहेत तेही दिसलं. ललिता एका टोकाला उभी आहे आणि तिचं तोंड असं आहे की तो सिनेमावाला घाबरला कसा नाही याचं मला नवल वाटतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की तोंड दिसतं. चांगलं दिसतं. शेवटी तू घागर कमरेवर घेतेस आणि सरळ आमच्याकडं बघतेस. तिथं तू हसत नाहीस. त्यानं बघू नका सांगूनही तू बघितलंस, आणि ते कापायला तो विसरला. टाळ्या या वेळीही पडल्या. मी वाजवल्या नाहीत.

आता माझं ऐक. तू आणि ललिता इकडं या. क्वार्टर लहान आहे, पण दारात नळ आहे. पाणी कुणी वाढायला नको आणि कुणाच्या तोंडाकडं बघायला नको. आणीबाणीचे दिवस आहेत, तिथं राहून साहेबरावांशी वैर करण्याचे नाहीत. शेडमधल्या एका पोराला चहाच्या टपरीवर काहीतरी बोलला म्हणून उचलून नेलं, अजून आलेला नाही. मला संपानंतर कामावर परत घ्यायला किती नाकदुऱ्या काढाव्या लागल्या हे तू पाहिलं आहेस. माझ्या नावाला पुन्हा काही चिकटलं तर सगळेच रस्त्यावर येऊ. मी भित्रा झालो असं वाटत असेल तर वाटू दे.

हौसरावांना सगळं सांगितलं. ते एवढं हसले की मला राग आला. म्हणाले की अरे वेड्या, आज या देशात सरकारी सिनेमाला खोटं म्हणायची कुणाची छाती आहे? आपली नाही, तशी तुझ्या सरपंचाचीही नाही. त्यांना चेष्टा सुचते. मला रात्रभर झोप नाही.

येण्याचं लवकर ठरवावं. तुझा आशीर्वाद डोक्यावर असू दे, बाकी मला काही नको.

तुझा,
बन्सी


आसनवाडी
२० फेब्रुवारी १९७६

ती. दादास,

ललिताचा सविनय जयभीम. वि. वि. तुझं पत्र वाचून दाखवलं. शेरेबाजी केली. तू मनाई केली नसतीस तर कदाचित केली नसती.

आईचं उत्तर जसंच्या तसं लिहिते, तिनं तशी ताकीद दिली आहे. ती म्हणते की नळ तुझा न्हाई, रेल्वेचा हाय. नोकरी हाय तवर नळ हाय. विहीर माझ्या सासऱ्यानं खांदली, ती माझी हाय. मी नळासाठी गाव सोडलं तर सायबराव म्हनंल, शूटिंग संपलं तशी धुरपदा बी संपली. आन् बन्सीला सांग, माफी मागू नको. पोरगं आईला बघून बाकड्यावर चढलं यात काय चूक हाय?

पण हौसरावांची चेष्टा वाचली तेव्हा ती हसली आणि तिनं ते वाक्य परत वाचायला लावलं. मला तेव्हाच समजायला हवं होतं. तिनं ते वाक्य परत वाचायला लावलं. मग विचारलं की म्हंजी जे पडद्यावर दावलं ते सरकारचं म्हननं, व्हय? मी हो म्हटलं. आपल्या आळीतला झरा आता पार आटला आहे, वाटीवाटीनं पाणी निघतं, त्यामुळं दोन्ही वेळा त्या पायरीवर जावं लागतं. ती दुसऱ्या दिवशी तिथं उभी राहिली तेव्हा तिच्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. नवीन लग्न ठरलेल्या पोरीसारखं म्हटलं तर ती मला मारेल.

पुढं काय झालं ऐक. आम्ही केंदूरला बाजाराला गेलो, तर तिथं सरकारी सिनेमाची गाडी उभी होती. गावोगाव फिरून फुकट दाखवतात ती. आईनं मला कोपरानं ढोसलं की जा, इचार त्याला. मी ऑपरेटरकडं गेले. त्याचं नाव खंडू. मी म्हटलं, आमच्या आसनवाडीचा माहितीपट आमच्या गावात दाखवता का? तो माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला की इतकी वर्षं गाडीवर आहे, पण माहितीपट दाखवा असं सांगणारं माणूस आज पहिल्यांदा भेटलं, नाही तर सगळे ते वगळा म्हणूनच मागं लागतात. बिचाऱ्याचे डोळे भरून यायचे बाकी होते. डबा गाडीतच होता. त्यानं मार्चातली आठ तारीख दिली.

साहेबराव तर खूशच झाले. त्यांना वाटतं गाडी त्यांच्यासाठी येते आहे. शिरूरहून तालुक्याच्या बीडीओ साहेबांना बोलावलं आहे, हारांची ऑर्डर दिली आहे, नव्या फेट्याची घडी मोडणार आहेत. आई फक्त म्हणते की येऊ दे साहेबाला, चांगलं हाय.

काय होणार ते तुला समजलं असेलच. मनाई करणारं पत्र लिहिलंस तरी ते नऊ तारखेला पोचेल अशा बेतानं लिही, म्हणजे तुझाही मान राहील. वहिनीला जयभीम. भावाची माया मैलांनी कमी होत नाही म्हणतात, ती खरी करून दाखवावीस.

तुझी,
ललिता


(पोस्टकार्ड)

दौंड, १ मार्च १९७६

चि. ललितास जयभीम. कार्डावर जागा कमी म्हणून राग थोडक्यात. आईनं असं काही करू नये. बीडीओसमोर तर मुळीच नको. घरचा मोठा मुलगा या नात्यानं मी सक्त मनाई करतो. मला रजा मिळत नाही.

ता. क. गावविहिरीचा दोर आणि पोहरा साहेबरावांच्या गोठ्यातून येतो, हे काल एकदम आठवलं. त्यांनी तो काढून नेला तर? दौंडच्या बाजारातून चांगला जाड नवा दोर घेतला आणि शिरूर गाडीच्या कंडक्टरकडं दिला आहे. स्टँडवर जाऊन घेऊन ये. गाईसाठी आहे असं तुझ्या वहिनीला सांगितलं. आपल्याकडं गाय नाही हे तिला ठाऊक आहे, तरी तिनंच तो नीट गुंडाळून दिला. ओला करून ठेव, म्हणजे हाताला काचणार नाही.

बन्सी


आसनवाडी
१७ मार्च १९७६

ती. दादास,

ललिताचा सविनय जयभीम. वि. वि. आम्ही सुखरूप आहोत, ही पहिली गोष्ट. ती वाचून श्वास सोड आणि मग पुढं वाच. आठ दिवस मुद्दाम लिहिलं नाही. एका दिवसाचं वाचून तू पुन्हा फसायला नको.

शाळेच्या पटांगणात दोन बांबूंना पांढरा पडदा बांधला होता. पडद्याच्या पुढं गाव आणि मागं आपण. कुणी सांगावं लागत नाही, पाय आपोआप तिकडंच वळतात. मागून चित्र दिसतं तसंच, पण सगळं उलटं. अक्षरं उलटी, विहिरीचा रहाट उलट्या बाजूला, आणि आई डाव्या हातानं पाणी शेंदत होती. आपल्या आळीतली ताईबाई मोठ्यानं म्हणाली की धुरपदा कवापास्नं डावरी झाली गं? सगळी आळी हसली. आईसुद्धा. दादा, मी तो माहितीपट पहिल्यांदाच पाहत होते. खोटं आहे हे मला तुझ्याहून चांगलं माहीत आहे. तरी ती शेवटी सरळ बघते ना, तिथं मी शेजारी बसलेल्या आईचा हात धरला. सिनेमा करणाऱ्यांना वाटतं सगळं त्यांनी केलं, पण तेवढं एक तिचं स्वतःचं होतं.

पुढच्या बाजूला गावाची वेगळीच गंमत. जो तो स्वतःला शोधत होता. माझा बैल दिसला, माझं छप्पर दिसलं, असा नुसता गलका. चित्र संपलं, साहेबरावांना हार पडला, आणि बीडीओ साहेब बोलायला उठले. हे गाव तालुक्यात आदर्श आहे, दुसऱ्या गावच्या लोकांना इथं विहीर बघायला आणू, असं म्हणाले. टाळ्या झाल्या. आणि माझ्या शेजारची आई उठली.

ती पडद्याला वळसा घालून पुढं गेली. मी मागोमाग. खंडूनं यंत्राचा दिवा अजून चालूच ठेवला होता, त्या उजेडात ती उभी राहिली आणि तिची सावली पडदाभर झाली. तिनं आधी साहेबरावांचे आभार मानले. अगदी तुझ्याच शब्दांत, सरपंचांच्या मोठ्या मनामुळं. तुझं पत्र तिनं पाठ केलं होतं, ते मलाही ठाऊक नव्हतं. मग साहेबांना विचारलं की साहेब, ह्ये सरकारनं दावलं त्ये खरं का खोटं? साहेब म्हणाले की बाई, सरकारी चित्र आहे, खरंच असणार. मग ती साहेबरावांकडं वळली आणि तेच विचारलं. साहेबरावांच्या गळ्यात हार, समोर साहेब, आणि हे दिवस असे. ते खरं म्हणाले. हळू म्हणाले, पण म्हणाले.

मग आई म्हणाली की मग उद्या सकाळी आमी वरून पाणी भरणार, रोज भरणार, पिच्चरमधी भरलं तसंच. ज्याला सरकारला खोटं पाडायचं आसंल त्यानं साहेबांच्या म्होरं आत्ता बोलावं. कुणी बोललं नाही. खंडूनं तेवढ्यात टाळ्या वाजवल्या आणि एकटाच पडला. मग पडद्यामागून आपली सगळी आळी वाजवायला लागली.

सकाळी गेलो तर तुझं खरं झालं. दोर नाही, पोहरा नाही. रस्त्याच्या कडेला साहेबराव पोरं घेऊन उभे, आणि रहाटापाशी अनसाबाई. मला भीती वाटली, खोटं कशाला लिहू? आईनं पदराखालून तुझा दोर काढला. आपल्या पोचे पडलेल्या घागरीच्या गळ्याला बांधला आणि रहाटावरून खाली सोडला. अनसाबाई ओरडली की विहीर बाटली. आई घागर ओढता ओढता म्हणाली की आवो आत्याबाई, दिवाळी सरल्यावरच चारदा बाटली, तवापास्नं तुमी पिताय, काय झालं का तुमाला? माळ्याची जाईबाई तिथंच उभी होती. ती हसू दाबत बाजूला सरली आणि कठड्यावरची आपली घागर उचलून आमच्यासाठी जागा केली. तेवढंच. पण त्या पोरांपैकी कुणी पुढं आलं नाही. साहेबरावांनीच त्यांना हातानं थोपवलं. बीडीओ साहेब दुसऱ्या गावच्या लोकांना घेऊन विहीर बघायला येणार होते ना!

सगळं गोड झालेलं नाही. साहेबरावांच्या कांद्याच्या रानात आपल्या आळीतल्या कुणालाही आता कामाला बोलावत नाहीत, आम्ही केंदूरकडं कामाला जातो. तिसऱ्या दिवशी पायऱ्यांवर बोरीच्या काट्या टाकल्या होत्या. आम्ही त्या उचलून घरी आणल्या आणि चुलीला लावल्या. छान पेटल्या. रात्री कुणी दारावर दगड मारतं, आई आतूनच त्याच्या बापाचं नाव घेऊन ओरडते. अजून काय काय होईल सांगता येत नाही. पण आज नववा दिवस, आणि आम्ही एकदाही खालच्या पायरीवर थांबलेलो नाही. माझा अर्जही मी शिरूरला नेऊन दिला. तुझ्या पत्राचं विचारलं तर सांगेन की भावानं आभार जरा आगाऊ मानले होते.

हौसरावांना जयभीम सांग. त्यांना म्हणावं, तुमची चेष्टा आईनं खरीच धरली. तू जयंतीला ये, रजा मिळो न मिळो. दोर परत मागू नकोस, तो आता रहाटावरच असतो.

आईचा निरोप शेवटी लिहिते, ती समोर बसून आहे. ती म्हणते की बन्सीला लिही, तो पिच्चर दौंडला परत लागला तर बघाया जा. बाकड्यावर उभा राहा, मागच्याला दिसंना झालं तरी राहा. आन् आता टाळ्या वाजव. आता त्ये खरं हाय.

आमच्या दोघींची माया नव्या दोरासारखी पक्की आहे, तीवर भार टाकून असावे.

तुझी,
ललिता